कुचाऱ्याचे दोन साक्षीदार

"काय बोललास? परत बोल! दत्त्या, परत बोल!"

तू एवढ्या जोरात ओरडलास की मांडवावरच्या पानवेली खाली वाकून बघायला लागल्या. शेजारच्या वाडीतला बैल रहाट ओढायचा थांबला आणि पुढचे तीन दिवस त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. समोर केळीच्या पानावर भात, तुझ्या हातात घास, आणि तो घास तसाच मुठीत धरून तू उभा राहिलास. आमटीचा ओघळ पार कोपरापर्यंत गेला.

"काय बोललो?" मी म्हटलं. "तो कुचारा दे इकडं, एवढंच बोललो."

"कुचारा म्हणजे?"

"हे काय. आमटी वाढायचा. कुचाऱ्याने माणूस दाढी करतो काय?"

मी बोट दाखवलं तिकडे तू पाहिलंस. करवंटीला बांबूची दांडी बसवलेली आमची साधी डवली. केळव्यात, माहीमात, दातिवऱ्यापासून तारापूरपर्यंत घराघरात असते तशी. तू ती दोन्ही हातांनी उचललीस, जणू देव्हाऱ्यातला देव.

"तुमच्याकडे हिला कुचारा म्हणतात?"

"माझा आजा म्हणायचा. आता कोण म्हणतं!" मी भात कालवत राहिलो. मान वर केली नाही. थाप मारताना मान वर करायची नसते, हा माझा जुना नियम.

तू मात्र वाडीभर नाचलास. डवली हातात, लेंगा गुडघ्यापर्यंत, आणि तोंडाने एकच, "सापडला! सापडला!" विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना वाटलं, हरवलेला नातेवाईक सापडला.

जनू, तू जाऊन आज सोळा दिवस झाले. आपल्या हायस्कूलच्या वार्षिक अंकाचे संपादक घरी येऊन गेले. म्हणाले, "दत्तात्रेय, ते तुमचे परममित्र. कुठे जन्मले, काय शिकले, कोणती शिष्यवृत्ती मिळाली, अशी दोन पानं लिहा." मी हो म्हटलं. पण तुला 'ते' लावून लिहायला बसलो आणि हात चालेना. आठवीपासून अकरावीपर्यंत ज्याच्याबरोबर एका बाकावर बसलो, एकच पेरू दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला, त्याच्या नावामागे 'कै.' कसं लावू? म्हणून ते सगळं ठेवलं बाजूला आणि तुझ्याशीच बोलतोय. इतकी वर्षं तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता ऐक.

मी आयुष्यात हजार थापा मारल्या. केळव्याच्या खाजणात मगर पाहिल्याची, कोटाच्या भुयारात घोड्यावर बसून शिरलो तो थेट माहीमच्या बाजारात निघालो त्याची, पालघर स्टेशनवर माझ्या पानांच्या करंड्यांसाठी मेल थांबवल्याची. तू सगळ्या ऐकल्यास. पोट धरून हसलास. एकही खरी मानली नाहीस. एकच मानलीस, आणि ती ही. माझ्या आज्याने कुचारा हा शब्द जन्मात उच्चारला नव्हता. तो मी तुझ्याच शब्दकोशातून चोरला होता.

हे तुला सांगायचं राहिलं. बाकी सगळं सांगून झालं होतं.

तू मुंबईला गेलास तो रसायनशास्त्र शिकायला. दातिवऱ्यातला कॉलेजात गेलेला पहिला पोरगा म्हणून तुला बंदरावर निरोप द्यायला चाळीस होड्या आल्या होत्या. (बरं, चार.) तिथे एका म्हाताऱ्या स्पॅनिश पाद्र्याशी तुझी गाठ पडली. त्याने तुला विचारलं, तुमच्या गावात मासळी विकायची रीत काय? तू म्हणालास, लिलाव. हा शब्द कुठून आला माहीत आहे? नाही. खिडकीला काय म्हणता? जनेल. कुलूप कशाने उघडता? चावीने. प्रत्येक शब्दाला पाद्रीबुवा टाळी देत होते म्हणे. मग त्यांनी सांगितलं, हे सगळे पोर्तुगीज. आणि एकेकाळी साठेक वर्षं पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या राजाकडे होतं. म्हणजे तेव्हा केळव्याचा कोट, तारापूरचा किल्ला आणि तुझ्या दातिवऱ्याचं बंदर, सगळं कागदोपत्री स्पेनच्या राजाचं.

झालं. रसायनशास्त्र तिथेच सांडलं.

गावात बातमी आली, जनूला स्पॅनिशचा नाद लागला. पुढच्या सुटीत तू आलास आणि मला म्हणालास, "दत्तू, गंमत बघ, स्पॅनिशमध्ये नादा म्हणजे काही नाही." मी म्हटलं, "मग तुझी आई तेच तर म्हणते. या नादात काही नाही." त्यावर तू मला करंडीतली भिजलेली पानं फेकून मारलीस. मी ती तशीच उचलून पालघरला पाठवली. मुंबईत कुणी तरी तुझ्या रागाचा विडा खाल्ला.

सुटीत तू माझी शाळा घ्यायचास. मी पानं खुडायचो, तू करंडीवर बसून शिकवायचास. माझ्यासारखा विद्यार्थी तुझ्या पाद्रीबुवांनाही मिळाला नसेल, कारण मी प्रश्न विचारायचो. एकदा तू म्हणालास, त्यांच्याकडे 'आहे'साठी दोन शब्द आहेत. कायमच्या 'आहे'ला सेर, आत्तापुरत्या 'आहे'ला एस्तार. दत्तू केळव्याचा आहे, हे सेर. दत्तू दमलेला आहे, हे एस्तार.

"आणि दत्तू थापाड्या आहे?"

"सेर. त्यात शंकाच नको."

"आणि मेलेला माणूस?"

"ती गंमतच आहे. मेलेल्याला एस्तार लावतात."

"म्हणजे आत्तापुरता मेलाय? नंतर उठणार?"

किती हसलो आपण. मांडवाचा एक वासा माझ्या हसण्याने निखळला, तो अजून बांधायचाय. जनू, सोळा दिवस मी त्या एस्तारला धरून बसलोय.

मुंबईत स्पॅनिशची पदविका झाली, मग तू दिल्लीला प्रगत अभ्यासाला गेलास. तिथून पत्रं यायची. त्यांच्या क्रियापदाला म्हणे एक अख्खं रूप आहे, जे नाही पण असावं, जे घडलं नाही पण घडो, त्याच्यासाठी. हे रूप आलं की वर्गातली मुलं रडतात, असं तू लिहिलंस. मी उलट टपाली कळवलं, "मला काही जड जाणार नाही. मी लहानपणापासून त्याच रूपात बोलतो." ते पत्र तू दिल्लीतल्या तुझ्या सरांना वाचून दाखवलंस. सर म्हणाले, या मित्राला घेऊन या. मी आलो नाही. पानांचा हंगाम होता. हंगाम काय, दरवर्षी असतो.

मग सरांनी तुला संशोधनाला घेतलं आणि तू विषय निवडलास आपला किनारा. दातिवऱ्यापासून तारापूरपर्यंतच्या बोलीत स्पेनचं काही उरलंय का. सरांची अट एकच होती. पोर्तुगीज शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्याच्याशी पोर्तुगीजचा काही संबंध नाही आणि जो फक्त स्पॅनिश आहे, असा एक शब्द दाखव. एक चालेल. पण तो माणसांच्या तोंडात असला पाहिजे.

दोन महिने तू हिंडलास. पाठीला पिशवी, खिशात पोस्टकार्डाएवढे कोरे कागद. एका कागदावर एक शब्द. एडवण, मथाणे, कोरे, उसरणी. कोळणींच्या टोपल्या धरल्यास, म्हाताऱ्यांच्या चिलमी भरल्यास. मिळालं काय? घमेलं, लिलाव, जनेल, चावी. सगळी पोर्तुगालची पोरं. स्पेनचं एकही नाही. सरांचं पत्र आलं की दिवाळीपर्यंत काही मिळालं नाही तर विषय बदला. तू माझ्या वाडीत येऊन बाजेवर पडलास आणि मांडवाकडे बघत म्हणालास, "बोईसरला बांधकामाच्या ठिकाणी कारकून घेतायत. इंग्रजी येणारा पायजे. जातो तिथं. पुरे झाला हा नाद."

तू 'पायजे' म्हणालास. दातिवऱ्याचं तुझ्या तोंडात तेव्हाच यायचं, जेव्हा आतून काही तरी तुटायचं.

मग तुला झोप लागली. स्पॅनिश-इंग्रजी जाडा कोश बाजेवर उघडा पडलेला. मी हात पुसले आणि तो उचलला. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, हळू, पण येतात. दुपारभर मी तुझ्या स्पेनमध्ये हिंडलो. वेंताना बघितला, तो जमेना, खिडकीला आपल्याकडे जनेल पक्की बसलेली. रोदिया बघितला, तो गुडघा, पण माझ्या आज्याच्या गुडघ्याला सगळं गाव गुडघाच म्हणायचं, लंगडायचा तो. मग कुचारा दिसला. चमचा. पोर्तुगीजमध्ये चमच्याला भलतंच काही तरी म्हणतात, ते समासात तूच पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. आणि कुचारा कसा आपल्यातलाच वाटत होता. घरात भांडी घासून पालथा घातलेला वाटत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी मान खाली घालून तो वाढला.

तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं की तू बोईसरला जाऊ नयेस. दोन दिवस तू खूश राहशील, मग मी सांगेन, अरे, गंमत केली. तू मला मारशील. मग आपण खरा शब्द शोधू. पण तू त्याच संध्याकाळी सरांना पत्र लिहिलंस, आणि ते पत्र पालघरला टाकायला मीच नेलं. पानांच्या करंडीबरोबर. पेटीत टाकताना हात थांबला नाही, हे लिहायला मला लाज वाटते.

सरांचं उत्तर आलं, उत्तम, पण एक साक्षीदार पुरत नाही. दुसऱ्या गावातला दुसरा हवा. मी सुटकेचा श्वास सोडला. कुठला येतो दुसरा! तू पुन्हा सतरा गावं हिंडलास. (या वेळी खरंच सतरा. मी मोजली.) कुणीही हो म्हणेना. मी रोज झोपताना देवाला नारळ बोलायचो. स्वतःच्या घरी विचारायचं तेवढं तुझं राहिलं होतं. मग एका सकाळी तू दातिवऱ्याहून पळत आलास, धाप लागलेली, आणि म्हणालास, "आई बोलली, हाय! तिची आजी बोलायची! दत्तू, कुचारा दातिवऱ्यात पण हाय!"

मी करंडीवर बसलो. करंडी मोडली.

तू निघून गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. म्हटलं, दत्तात्रेया, तू एवढा थोर थापाड्या झालास की आता तुझ्या थापा मागे जाऊन खऱ्या होतात. कोण जाणे, माझा आजाही म्हणत असेल, मलाच ऐकू आलं नसेल. खरंच सांगतो, अर्धा दिवस मी त्यावर विश्वास ठेवला. माणसाला स्वतःचं खोटं खरं निघालं तर हवंच असतं.

मग बोईसर. तो दिवस आठवतो? तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, बाजारात चारी दिशांची माणसं. त्यात एक क्रेनवाला फोरमन होता, अमेरिकेतून आलेला, पण आईबाप मेक्सिकोचे. आडनाव रामोस. बाजारात त्याचा रामूशेट झाला होता. तू डवली वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलीस आणि मला ओढत नेलंस. चहावाल्याने ओळख करून दिली, "रामूशेट, ये छोकरा आपकी बोली बोलता है."

तू स्पॅनिश सुरू केलंस. एवढं सुंदर बोललास की शेजारच्या दुकानातला तराजू आपोआप सरळ झाला. रामूशेटने कपाळाला आठ्या घातल्या, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "पोरा, तुझी जीभ भाजली आहे का?" तू पाद्रीबुवांकडून शिकलेला, स्पेनच्या माणसासारखा स च्या जागी थ म्हणायचास. मेक्सिकोवाल्यांचा स म्हणजे नुसता स. सगळा बाजार हसला. तू लाल झालास. मग तू वर्तमानपत्र सोडलंस, डवली त्याच्यापुढे धरलीस आणि विचारलंस, हे काय?

"कुचारा," तो म्हणाला. सहज. तू दाखवल्यावर आपण डवली म्हणू तसं.

त्याने ती हातात घेतली, वास घेतला, फिरवून बघितली. त्याच्या आईकडे लाकडाची होती म्हणे, अगदी अशीच. मग ती त्याने चहात बुडवली आणि डवलीने चहा प्यायला. तू सगळ्या बाजाराला जिलेबी वाटलीस. तू माझ्याकडे वळलास. तुझे डोळे भरलेले. "ऐकलंस?" तू विचारलंस. मी मान हलवली. माझ्या आज्याचा आत्मा तिथे असता तर त्याने त्याच डवलीने मला बोईसर ते केळवे बडवत नेलं असतं.

परत येताना एस.टी.त मी ठरवलं की आता सांगायचं. आडून सुरुवात केली. "जनू, समज, एखादा शब्द कुणी उगाच बनवला. मग तो खोटा ना?"

"कोण बनवेल?"

"समज."

तू खिडकीबाहेर बघत विचार केलास. तुझी ती सवय मला अजून दिसते, अंगठ्याने ओठ घासायची. "एकटा बोलला तर तो नुसता आवाज," तू म्हणालास. "पण मी पाणी म्हटलं आणि तू न विचारता तांब्या पुढे केलास, की झाला शब्द. कुठून आला ते नंतर बघू."

"मग माझ्या थापा? त्या तर शंभर जण ऐकतात."

"ऐकतात. हात कोण पुढं करतो?"

"म्हणजे खोटा शब्दही खरा होतो, असंच ना?"

"असं नाही म्हटलं मी. थांब, नीट सांगतो," तू म्हणालास, आणि तेवढ्यात पालघरचा स्टँड आला, आपण उतरलो, केळव्याची गाडी सुटत होती, धावलो. ते वाक्य तसंच गाडीत राहिलं. तू नीट सांगणार होतास. मी किती वेळा वाट बघितली की तू पुन्हा तो विषय काढशील. स्वतः मात्र काढला नाही.

त्या शब्दावर तुला स्पेनची शिष्यवृत्ती मिळाली. दिवाळीनंतर जायचं ठरलं. तुझी आई सुके बोंबील बांधत होती, स्पेनच्या राजाला पुरतील एवढे. मी म्हटलं, मावशे, एवढा वास घेऊन गेला तर त्याला बोटीवरून ढकलतील. ती म्हणाली, "ढकलू दे, माजा पोर पवतो." मी तुला पानांची करंडी देणार होतो. तू म्हणालास, पोचेपर्यंत सुकतील. मी म्हटलं, केळव्याचं पान सुकत नाही, विचार करतं. तेव्हा तू हसला नाहीस. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास.

भाद्रपदात कावीळ झाली. बारा दिवस. मी रोज येत होतो, पण बोलायला तू शेवटचा सापडलास तो नवव्या दिवशी. डोळे हळदीसारखे. मला बघून म्हणालास, "अमारियो," म्हणजे पिवळा, आणि हसायचा प्रयत्न केलास. मी तुझा हात धरला. म्हटलं, जनू, एक सांगायचंय.

"थाप असेल तर सांग," तू म्हणालास. "खरं ऐकायला आता ताकद नाय."

तेव्हा मी थाप सांगितली. रामूशेटने क्रेनने उचलून तुला थेट स्पेनच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि तिथल्या राजाने तुला दातिवऱ्याचं बंदर परत दिलं, अशी. तू डोळे मिटून ऐकलंस. एवढी चांगली थाप मी आयुष्यात मारली नव्हती. तुला कळलं होतं का रे? म्हणून म्हणालास का तसं? की माणूस थकला की म्हणतो, तसंच नुसतं म्हणालास? सोळा दिवस मी ते वाक्य उलटंपालटं करतोय. कधी वाटतं, तू मला सोडवलंस. कधी वाटतं, तू मला तिथेच बांधून ठेवलंस.

सरांचं पत्र आलं. त्यांना कुचाऱ्याचा भाग तुझ्या स्मरणार्थ छापायचाय. दोन्ही साक्षीदारांनी, हा शब्द आपल्या घरात चालत आला आहे, असं सही करून कळवावं. तुझ्या आईने तुझी ट्रंक माझ्यापुढे ठेवली. त्यात कागद होते, शेकडो, दोऱ्याने गावागावांचे गठ्ठे बांधलेले. कुचाऱ्याचा कागद सगळ्यांत वर. तुझं ते बारीक अक्षर. 'कुचारा. पुल्लिंगी. करवंटीची डवली. साक्षीदार पहिला, दत्तात्रेय, पानवाला, केळवे. साक्षीदार दुसरा, आई, दातिवरे.' आणि खाली, अजून बारीक: 'साक्षीदार पहिला बाकी सगळ्या बाबतीत अतिशयोक्ती करतो. शब्दांच्या बाबतीत विश्वासार्ह.'

जनू, मी रडलो. किती, ते काही वाढवून सांगता येत नाहीये. जमलं नाही.

सही केली तर तुझ्या नावाखाली माझं खोटं कायमचं छापलं जाणार. खरं कळवलं तर तुझी सगळी वणवण माझ्या एका दुपारपायी वाया, आणि लोक म्हणणार, याला डवली आणि थाप यातला फरक कळला नाही. पाच वेळा पत्र लिहायला घेतलं. शेवटी म्हटलं, दुसऱ्या साक्षीदाराला तरी सांगू. तिचा शब्द खरा असेल तर निदान तो उरेल. काल दातिवऱ्याला गेलो. सरांना उत्तर म्हणून आता हा लेखच पाठवणार आहे, सहीशिवाय. छापायचं काय, ते त्यांनी ठरवावं. पण काल काय झालं ते ऐक.

तुझी आई चुलीपुढे होती. सुतक फिटल्यावर पहिल्यांदाच मासळी आणली होती, ओले बोंबील. मला म्हणाली, "बस. जेवून जा." मी पाटावर बसलो. तू बसायचास तो नव्हे, दुसरा.

"मावशे, तो कुचारा शब्द," मी म्हटलं. "तो माझ्या आज्याचा नव्हता. मी खोटं बोललो होतो जनूशी. त्याच्याच पुस्तकातून काढला होता."

तिने लाकूड आत सारलं. "ठाव हाय."

"कसं?"

"दातिवऱ्यात कोन बोलतो असा? मी बी आयकला नव्हता कदी."

"मग तू हाय कशाला म्हणालीस?"

"दारात हुबा होता," ती म्हणाली. "उनात हिंडून हिंडून तोंड एवढासा झालेला. बोलला, आये, तू तरी बोलतेस काय असा. पोर भुकेला येऊन हुबा ऱ्हातो, तवा आय काय नाय बोलते?"

मग तिनेच विचारलं, "तू कशाला बोललास?"

"तो बोईसरला कारकून होणार होता. सगळं सोडणार होता."

ती नुसती "हां" म्हणाली. झाला असता तर हे दिवस आले नसते, असं म्हणेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. ती तसं म्हणाली नाही. तेवढ्यासाठी मी तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही.

"त्याला कळलं होतं का गं? आपण दोघंही खोटं बोललो ते?"

तिने झाकण काढलं. वाफ तिच्या तोंडावर आली. तिने ती पुसली नाही.

"मावशे, सरांना काय लिहू? हा शब्द खरा की खोटा?"

कालवण काठापर्यंत चढलं होतं. तिने चुलीवरची नजर न हलवता हात मागे केला.

"तो कुचारा दे इकडं."